पखाल तळ्यावरची मोजणी

भूकंपाच्या त्या वर्षी लातुरात घरोघरी भांड्यांचा एक मनोरा असायचा. खाली पितळी तांब्या पालथा, त्यावर स्टीलचा पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीच्या काठावर चमचा. जमीन हलली की आधी चमचा पडणार, मग वाटी, आणि त्या खणखणाटानं घरातली माणसं बाहेर पळणार, अशी ती योजना. आमच्याकडचा मनोरा आईनं स्वतः रचला होता आणि न्यूटनवर माझा नसेल एवढा तिचा त्याच्यावर भरवसा होता. अडचण एवढीच होती की शेजारच्या खैरूनचाचींच्या मांजराला तो चमचा फार आवडायचा. आठवड्यातून दोनदा तरी मांजर चमचा पाडायचं, आई माझं मनगट धरून मला अंगणात ओढायची, आणि आमचा आवाज ऐकून अख्खी गल्ली बाहेर यायची. मग चाची मांजराला दख्खनीत शिव्या घालायच्या, कुणीतरी चूल पेटवायचं, आणि बाहेर आलोच आहोत तर चहा घेऊ म्हणून सगळे बसायचे. भूकंपानं आमच्या गल्लीला जेवढं जवळ आणलं तेवढं सणावारांनी कधी आणलं नव्हतं.

आम्ही मुळात लातूरचे नव्हेच. आमचं घर भोकरला. वडील, म्हणजे अण्णा, तिथल्या शाळेत लिपिक होते आणि त्यांच्या टेबलावरून दरवर्षी चार-पाच मुलांचे दाखले लातूरला जात. जो लातूरला जातो तो डॉक्टर होऊनच येतो, अशी तेव्हा आमच्या भागात सगळ्यांची खात्री झालेली. तेव्हा अण्णांनी एके दिवशी माझाच दाखला लिहिला. पोरीला एकटी कशी ठेवायची म्हणून आई माझ्याबरोबर आली, आणि अण्णा भोकरला स्वतःच्या हाताची करपलेली भाकरी खात राहिले. दर दुसऱ्या शनिवारी ते अर्धापूरवरून केळ्यांचा फणा घेऊन यायचे. आम्ही शहराच्या अगदी टोकाच्या गल्लीत दोन खोल्या घेतल्या होत्या. पहाटे पाचला क्लासला निघालेल्या सायकलींच्या घंट्या, साडेपाचला आईच्या भाकरीची थापथाप, सहाला कुठल्यातरी सरांचा माईकवरचा आवाज. आमच्या गल्लीपुढे शहर संपायचं आणि पखाल तळं सुरू व्हायचं.

निजामाच्या काळी पखाली इथून कातडी पिशव्यांत पाणी भरून नेत, म्हणून ते नाव. नळ आल्यावर पखाली गेले आणि तळं म्हशींचं झालं. कडेला पाणकणीस माजलेलं, मध्ये उथळ चिखलाची बेटं, पलीकडे बाभळी. आम्हाला ते फक्त डासांमुळे माहीत होतं. आता त्या तळ्याच्या काठी हिरवी पाटी लागलीय, त्यावर पाणथळ जागेचं महत्त्व सात मुद्द्यांत लिहिलंय, आणि रविवारी गळ्यात दुर्बिणी घातलेली पोरं येतात. त्यांच्यातल्या एकानं परवा मला मोठ्या आदरानं विचारलं, की मॅडम, इथलं संवर्धन कुणी सुरू केलं? मी म्हटलं, एका थापेनं. त्याला वाटलं बाई थकल्या असतील, आणि त्यानं मला बसायला घडीची खुर्ची दिली.

भूकंपाबद्दल मी फार लिहिणार नाही. आमच्या भिंतीला तडा गेला, एवढंच आमचं नुकसान. बसनं तास-दीड तासावरची गावं मात्र आडवी झाली होती आणि त्याबद्दल ज्यांचं गेलं त्यांनीच लिहावं. माझ्या शेजारी बसणारी मुलगी विसर्जनासाठी गावी गेली होती, ती परत आली नाही. वर्षभर त्या जागेवर कुणी बसलं नाही, आणि सरांनीही कुणाला बस म्हटलं नाही. जमीन पुढं कितीतरी दिवस मधूनमधून हलत राहिली. मनोरा असूनही आईनं घरात झोपायचं सोडलं. अंगणात ताडपत्री बांधून आम्ही तिथंच निजायचो. दसरा गेला, दव पडायला लागलं, मला खोकला झाला, मग ताप आला. कोजागिरीनंतरच्या शनिवारी अण्णा केळी घेऊन आले तेव्हा मी गोधडीत गुंडाळून ऑरगॅनिक केमिस्ट्री वाचत होते आणि एकेका सूत्रावर शिंकत होते.

"झालं एवढं पुरे," अण्णा म्हणाले. "उद्या सामान बांधा. डॉक्टर काय भोकरला राहून होता येत न्हाई का?"

"मी तर कधीचीच म्हणून राहिले," आई म्हणाली. "पोरगी ऱ्हायली तर डॉक्टर."

भोकरला बारावीला फिजिक्स शिकवायला त्या वर्षी कुणीच नव्हतं, हे अण्णांनाही माहीत होतं. आणि खरं सांगायचं तर डॉक्टर होण्यापेक्षा मला लातूर सोडवत नव्हतं. पहाटेची ती सायकल, पहिल्यांदाच कुणीतरी हुशार म्हणणं, मैत्रिणींबरोबर खाल्लेला मुरमुऱ्यांचा सुशीला. मी वळून तळ्याकडे बघितलं. त्याच आठवड्यात कुठून तरी बदकं आली होती आणि पाण्यावर निवांत बसली होती. तोंडातून शब्द कसे निघाले मला आजही कळत नाही.

"आमच्या सरांनी सांगितलंय," मी म्हणाले, "पाखरांना भूकंप आधी कळतो. तळ्यावरची पाखरं बसलेली आहेत तोवर धोका नाही. ती उठून गेली तरच भ्यायचं."

"कोणत्या सरांनी?" अण्णांनी विचारलं.

"फिजिक्सच्या."

फिजिक्सपुढं अण्णांचं काही चालायचं नाही. त्यांनी केळ्याचं साल नीट घडी करून ठेवलं. आईनं मात्र तळ्याकडे रोखून बघितलं आणि मुद्द्याचं विचारलं, "किती आधी कळतं त्यांना?"

"दोन दिवस," मी ठोकून दिलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई मोजायला गेली. मला वाटलं होतं ती नुसतं खिडकीतून बघेल. पण माझ्या आईला काहीच नुसतं करता येत नाही. तिनं माझ्या फिजिक्सच्या जर्नलची मागची पानं घेतली, रेघा मारल्या, आणि तळ्याला एक पूर्ण चक्कर मारून आकडा लिहिला. पेननं. तिची एक पद्धत होती, ती भोकरलाही तशीच होती. स्वतः डोळ्यांनी पाहिलेलं ती पेननं लिहायची आणि दुसऱ्यानं सांगितलेलं पेन्सिलीनं. दुधाचा रतीब असो की पाहुण्यांनी सांगितलेली गाडीची वेळ, खात्री झाली की मगच पेन फिरायचं. गल्लीतल्या बायका आपणहून तळ्यावर जाऊन आकडे आणू लागल्या तेव्हा तेही पेन्सिलीनंच लिहिले गेले. खैरूनचाचींचा आकडा तर नेहमी दुप्पट यायचा, कारण बोलता बोलता त्या तीच पाखरं परत मोजायच्या.

सातवी शिकलेल्या माझ्या आईला पाखरांची पुस्तकातली नावं माहीत नव्हती, म्हणून तिनं आपली ठेवली. चपट्या चोचीचे ते उलथनेवाले. नारिंगी अंगाची ती भगवी. डोक्याच्या मागं दोन काळ्या रेघा असलेले मोठाले हंस ते दोनपट्टी, आणि ते आले की आवाजानं अख्खी गल्ली दणाणायची. लाल काडीसारख्या पायांचा तो तंगड्या. चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळावर दोन लाल ठिपके असलेलं बदक तिला आधीपासून माहीत होतं. त्याला सगळेच हळदीकुंकू म्हणतात, पुस्तकंसुद्धा. पुढं मी प्राणिशास्त्र शिकवायला लागले तेव्हा या सगळ्यांची शास्त्रीय नावं घोकून पाठ केली, पण आजही थापट्या, म्हणजे तोच चपट्या चोचीचा, दिसला की माझ्या तोंडून आधी उलथनंच निघतं आणि विद्यार्थिनी एकमेकींकडे बघून हसतात.

बातमी गल्लीत पसरायला एक दिवस पुरला. आठवड्यात मनोरे उतरले आणि चाचींचं मांजर बेकार झालं. सकाळी आईनं "एकशे बारा!" असं ओरडून सांगितल्याशिवाय कुणाच्या चहाला उकळी फुटेना. चाचींचे दीर देगलूरहून दरवर्षी हिवाळ्यात छऱ्यांची बंदूक घेऊन यायचे आणि चार-दोन बदकं पातेल्यात जायची. त्या वर्षी त्यांनी बंदूक खांद्यावरून उतरवायच्या आत चाची हातात लाटणं घेऊन आडव्या आल्या. "अलारम को खाते क्या जी तुम?" त्यांनी विचारलं. बिचाऱ्यांना काही कळेना. त्यांना डाळ-भात वाढण्यात आला.

माझा जीव मात्र एका गोष्टीनं टांगणीला लागला होता. आईला सरांचे आभार मानायचे होते. मी तिला चार वेळा थोपवलं, पाचव्या वेळी तिनं धपाट्यांचा डबा आणि शेंगदाण्याची चटणी माझ्याच हाती क्लासला पाठवली. सरांनी विचारलं, हे कशाबद्दल? मी म्हटलं, आमच्याकडे पद्धत आहे सर. सरांनी मधल्या सुट्टीत सगळे धपाटे संपवले आणि तुमच्या भोकरच्या पद्धती चांगल्या आहेत म्हणाले. त्यानंतर दर महिन्याला डबा जाऊ लागला. सरांना शेवटपर्यंत कळलं नाही की ते कोणत्या शोधाचा मोबदला खात होते.

गल्लीच्या तोंडाशी गुत्तेदारांचा बंगला होता. बांधकामाची कंत्राटं घ्यायचे म्हणून त्यांना सगळे गुत्तेदारच म्हणत. उंचपुरे, मिशा भरघोस, आवाज असा की साधं बोलले तरी भांडल्यासारखं वाटावं. त्यांची मुलगी मंगल माझ्या वर्गात होती. गावोगावच्या पोरी शिकायला येऊन राहिल्यात आणि त्यांना खोल्या मिळत नाहीत हे बघून गुत्तेदारांनी तळं बुजवून तिथं चार मजली होस्टेल बांधायचं ठरवलं होतं. तळं नक्की कुणाचं होतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते गुत्तेदारांचं असायलाही कुणाची हरकत नव्हती. एका कोपऱ्यात टिप्पर भरभरून त्यांचा मुरूम पडायला लागला होता. पण हा एवढा मोठा माणूस भूकंपानंतर स्वतःच्या बंगल्यात झोपत नव्हता. आवारात जीप उभी करून तो मागच्या सीटवर पाय दुमडून झोपायचा. पाखरांचं त्यांच्या कानावर गेलं तेव्हा ते स्वतः आमच्या दारात आले.

"बाई, हे खरं का वो?"

"फिजिक्सच्या सरांनी सांगितलंय," आई म्हणाली. "पण तुमच्या टिप्परची अडचण हाय. पाखरं तुमच्या टिप्परला भिऊन उडाली का धरणीला भिऊन उडाली, कसं कळावं माणसानं?"

गुत्तेदारांना हे पटलं. दुसऱ्या दिवसापासून टिप्पर बंद झाले. रोज संध्याकाळी ते राजदूतवरून यायचे, गाडी न थांबवता विचारायचे, "बाई, आज किती?" आई आकडा सांगायची, ते मान हलवून जायचे आणि बंगल्यात गादीवर झोपायचे. आम्हीही आत झोपायला लागलो. माझा खोकला गेला. थर्मोडायनॅमिक्सही कळायला लागलं. कधी कधी सकाळी मी आईबरोबर चक्कर मारायची. धुकं पाण्यावरून सरकायचं, दोनपट्टी मान वर करून आमच्याकडे बघायचे, आणि आई ओठ हलवत, बोटांची पेरं धरत मोजायची. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नसायचा. मला वाटायचं, चला, आपल्या थापेनं किती लोकांना झोप लागली! सतराव्या वर्षी माणूस स्वतःला फार लवकर माफ करतं.

आता माझ्या अडाणीपणाबद्दल. मला बदक हा बारमाही प्राणी वाटायचा. ही पाखरं हिमालयापलीकडून येतात आणि ऊन तापलं की परत जातात, हे जीवशास्त्राचा पेपर तोंडावर आलेल्या मुलीला माहीत नव्हतं, कारण ते अभ्यासक्रमात नव्हतं. महाशिवरात्रीनंतर आईचे आकडे उतरायला लागले. एकशे चार, ऐंशी, त्रेसष्ट. ती गप्प गप्प राहायला लागली, आणि मी मात्र सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांत बुडालेली. बोर्डाच्या परीक्षेच्या चार दिवस आधी सकाळी आई तळ्यावरून आली ती ओरडलीच नाही. तिनं फक्त पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली.

"गेले," ती म्हणाली. "सगळे. दोनपट्टी, भगवी, उलथने, एक बी न्हाई. दहाच्या नांदेड गाडीनं निघायचं."

मी दारात आले. गल्लीत अंथरुणं, कळशा, देवाच्या तसबिरी बाहेर येत होत्या. चाची शिवणयंत्र एकट्याच ओढत होत्या. बंगल्यासमोर जीप सुरू होती आणि मंगल पुस्तकांचा गठ्ठा छातीशी धरून मागं बसली होती, तिला मामाकडे उदगीरला पाठवत होते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. गल्लीत त्या वर्षी बारावीच्या सात मुली होत्या. सातही जणींचं वर्ष माझ्या एका वाक्यावर लटकलेलं होतं. आणि खरं सांगावं तर टिप्पर दुसऱ्याच दिवशी सुरू होणार, हेही मला त्याच क्षणी कळलं. त्या पाच महिन्यांत मला तळं आवडायला लागलं होतं.

आई ट्रंकेला सुतळी बांधत होती. मी तिच्यासमोर बसले.

"आई, सरांनी असं काही सांगितलं नव्हतं. मीच सांगितलं. मनानं."

तिचे हात थांबले. मला वाटलं ती मारेल. तिनं सुतळी खाली टाकली. मग उठली, मनोऱ्याच्या वेळी धरायची तसंच माझं मनगट धरलं आणि मला गल्लीच्या मधोमध, हापशाच्या ओट्यावर उभं केलं.

"सांग समद्यांना."

मी सांगितलं. किती वाक्यांत सांगितलं आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की हापशाचं दांडकं माझ्या हाताला गार लागत होतं आणि चाचींनी शिवणयंत्र सोडून कमरेवर हात ठेवले होते. मग एकदम गुत्तेदार हसायला लागले. असे हसले की जीपचा ड्रायव्हरही हसायला लागला.

"अरे देवा! म्हणजे काहीच होणार न्हाई! मंगे, उतर खाली, अभ्यास कर!" डोळे पुसत ते म्हणाले. मग सुटकेच्या त्याच भरात पुढं म्हणाले, "आन् उद्यापासून टिप्पर लावतो बगा. पाच महिने फुकट गेले की वो."

मंगल जीपमधून उतरली होती. ती तिथंच थांबली. आईनं माझं मनगट सोडलं आणि ती गुत्तेदारांपुढं जाऊन उभी राहिली. आई त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"गुत्तेदार, एक खरं सांगा. माझ्या पोरीनं आत्ता समद्यांपुढं खरं सांगितलं, तसं सांगा. पाच महिने तुम्ही रोज येऊन इचारलं, बाई, आज किती. ते भूकंपासाठीच इचारत होता का?"

गुत्तेदार मिशीला हात लावून उभे राहिले. त्यांनी तळ्याकडे बघितलं. ऊन चढत होतं, पाणी जवळजवळ रिकामं होतं.

"पयले दोन महिने," ते म्हणाले.

"आन् मग?"

"मग…" एवढ्या मोठ्या आवाजाच्या माणसाला शब्द सापडेना. "मग दिवस गेल्यासारखा वाटायचा न्हाई, आकडा कळल्याबिगर."

"मला तर चहा गोड लागायचा न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. चाची हापशाच्या ओट्यावर चढल्या, डोळ्यांवर हात धरून पाण्याकडे बघत म्हणाल्या, "हळदीकुंकू तो हैच की! वो किधर गए? घरवाले घर मेंच हैं. मेहमान गए सो गए, फिर आते."

खरोखरच पाणकणसांच्या कडेला सात-आठ हळदीकुंकू बदकं चरत होती, रोजच्यासारखीच. आम्ही मोजणाऱ्यांनी पाहुण्यांच्या नादात घरच्यांकडे बघितलंच नव्हतं. गुत्तेदारही बघत राहिले. शेवटी त्यांनी घसा खाकरला आणि मुरूम जेवढा पडलाय तेवढ्यावरच बांधतो म्हणाले, दोन मजले कमी झाले तरी हरकत नाही. त्यांनी तो शब्द पाळला. कोपऱ्यातलं ते होस्टेल अजून उभं आहे, आणि त्याच्या गच्चीवरून तळं फार छान दिसतं. एक कोपरा गेला तो गेलाच, मला त्याचं वाईट वाटतं, पण बाकीचं पाणी राहिलं.

गल्लीनं मला दुपारपर्यंत माफ केलं. चाचींनी तर शिवणयंत्र आत न्यायला मलाच लावलं आणि वर खीर दिली. आईनं माफ केलं नाही. ट्रंक सोडताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं ऱ्हाऊ दे. पण तू आत झोपलीस. तुझ्या शब्दावर मी तुला त्या तडा गेलेल्या भिंतीखाली झोपू दिलं, पाच महिने. काही झालं असतं म्हणजे?" मी स्वतः आई झाले तेव्हा त्या वाक्याचं वजन कळलं, आणि माझी मुलगी तापानं फणफणली त्या दिवशी मी आईला फोन करून उगाचच रडले. परीक्षेच्या दिवसांत आई रोज माझ्या तळहातावर दही ठेवायची, जेव म्हणायची, आणि बाकी काही बोलायची नाही.

डॉक्टर मी झाले नाही. थोडक्यात हुकलं, आणि मी नांदेडला बी.एस्सी.ला गेले, आई भोकरला परतली. अण्णांनी आठ दिवस तोंड पाडलं आणि नवव्या दिवशी केळी आणली. आईचं मात्र एक नवंच सुरू झालं होतं. मी सुट्टीत भोकरला गेले आणि म्हटलं, आई, पाऊस आलाय, तर ती खिडकीतून हात बाहेर काढून बघायची. मी दूध उतू गेलं म्हटलं तर उठून बघायची. रागानं नाही, अगदी शांतपणे. मी काही सांगितलं आणि ते लिहायचं असलं तर पेन्सिल. मी हसण्यावारी न्यायचे. पण खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसायचे.

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी, मी अजून सुट्टीत घरीच असताना, मंगलच्या अक्षरात चाचींचं पोस्टकार्ड आलं. "भोकरवाली को बोलना, मेहमान आ गए. तुम आके गिनो, मेरा गिनना तुमको पसंद नहीं." आईनं ते दोनदा वाचलं, पदरानं पुसलं आणि पिशवी काढली. पण अण्णा शाळेच्या पायरीवरून घसरून पाय मोडून घेऊन बसले होते, त्यांना सोडून निघणं शक्य नव्हतं. दिवसभर ती स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. संध्याकाळी ती माझ्यासमोर आली.

"तू जाऊन मोजून ये," ती म्हणाली.

मी एसटीनं लातूरला गेले. चाचींकडे उतरले, त्यांच्या मांजराला पिल्लं झाली होती. सकाळी धुक्यात मी तळ्याला चक्कर मारली. पहिल्यांदा अडतीस आले. परत मोजले, एक्केचाळीस. तिसऱ्यांदा चाचींना लांब बसवून, पेरं धरून, आईसारखे ओठ हलवत मोजले. एक्केचाळीस. भगवी होती, उलथने होते. दोनपट्टी एकही आला नव्हता. बसमध्ये मला वाटलं, शंभर सांगावेत. आईचा चेहरा कसा फुलेल! कुणाला कळणार होतं? भोकर येईपर्यंत मी तो आकडा मनात घोळवत होते.

आई दारातच होती, हातात माझं जुनं जर्नल. मी चपलाही काढल्या नव्हत्या.

"किती?"

"एक्केचाळीस. दोनपट्टी अजून आलेले नाहीत. हळदीकुंकू नऊ, ते वेगळे."

ती जमिनीवर बसली, जर्नल मांडीवर उघडलं. पेन्सिल तिच्या अंबाड्यात खोचलेली होती, ती तिनं काढली. कागदावर टेकवली. मी तिच्या हाताकडे बघत उभी होते. मग तिनं पेन्सिल परत अंबाड्यात खोचली.

"तुझ्या अण्णांच्या खिशातलं पेन आण," ती म्हणाली.